आगाशे मॅडम तास बघतात

आगाशे मॅडम शेवटच्या बाकावर बसून डोळे मिटायच्या, आणि पुढे फळ्यापाशी उभ्या असलेल्या धट्ट्याकट्ट्या मास्तराच्या तोंडाचं वाळवंट व्हायचं. मस्कतच्या उन्हात मोटारीच्या बॉनेटवर ऑम्लेट होतं म्हणतात. मी ते करून पाहिलेलं नाही. पण मॅडमच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर एम.कॉम., बी.एड. झालेली माणसं दोन्ही बाजूंनी खरपूस भाजली जाताना मी पाहिली आहेत.

वैजयंती आगाशे आमच्या मस्कतच्या भारतीय शाळेत कॉमर्स विभागाच्या प्रमुख होत्या. अकरावी-बारावीला बिझनेस स्टडीज आणि अकाउंट्स शिकवणाऱ्यांचे तास बघायचे, कोण कितपत शिकवतो ते ठरवायचं, हे त्यांचं काम. मी शिकवायचो रसायनशास्त्र. माझा-त्यांचा संबंध एवढाच, की शाळेत त्यांचे वर्ग माझ्या प्रयोगशाळेच्या समोर होते आणि अझैबा भागात त्यांचं घर माझ्या घराला लागून. दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ पत्रा. त्यातून पलीकडची फोडणी कशाची आहे हे कळायचं, आणि ती जळली तर कोणाच्या चुकीनं जळली हेसुद्धा.

बाई दिसायला एवढीशी. कडक खळ घातलेली सुती साडी, मांडीवर पर्स. तास बघायला जाताना हातात ना कागद ना पेन. मुख्याध्यापकांनी दिलेलं पाचकलमी पत्रक त्या नंतर कधीतरी भरायच्या. "समोर कागद दिसला की मास्तर कागदासाठी शिकवतो," असं त्यांचं म्हणणं. वर्गात जायच्या, सगळ्यांत कच्च्या पोराच्या शेजारी बसायच्या, आणि डोळे मिटायच्या.

ही बाई डोळे मिटून ऐकते तरी काय, या कुतूहलानं मी कित्येक महिने पोखरलो गेलो होतो. शेवटी एकदा शाळेच्या बसमध्ये विचारलंच.

"शांतता ऐकते," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"मास्तरानं प्रश्न विचारला, की पुढे एक शांतता येते. ती किती टिकते ते ऐकते. बहुतेकांना दोन श्वासही धीर निघत नाही हो पाटणकर. लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे. मग मुलांना शाळेत बोलावता कशाला? राहू दे त्यांना घरी. एसीचं बिल वाचेल."

मी त्या दिवशी वर्गात जाऊन एक प्रश्न विचारला आणि थांबलो. त्या शांततेत मला माझ्याच पोटातले आवाज ऐकू आले. ॲसिडची बाटली उघडी राहिल्यावर जी भीती वाटत नाही, ती मला वाटली. तेव्हापासून बाईंबद्दलचा आदर दुप्पट झाला आणि प्रयोग मात्र मी पुन्हा केला नाही.

त्यांच्या या मिटलेल्या डोळ्यांचा पहिला बळी अस्लम मुकादम. हा दापोलीकडचा कोकणी मुसलमान पोरगा, दुक्मला कुठल्याशा बंदराच्या कामावर हिशेबनीस म्हणून आलेला, तिथलं कंत्राट संपल्यावर आमच्याकडे मास्तर म्हणून लागला. बोलणं इतकं कमी की हजेरी घेतानाही मुलांच्या नावांतली निम्मी अक्षरं गिळायचा. त्याच्या पहिल्या तासाला मॅडम मागे जाऊन बसल्या आणि डोळे मिटले. मुकादमाला वाटलं, बाई दमल्यात. त्यानं ओठांवर बोट ठेवून वर्गाला सांगितलं, "सायलेन्स प्लीज, मॅडम इज स्लीपिंग," आणि उरलेला सबंध तास कुजबुजत शिकवला. मुलंही हात वर करून कुजबुजत उत्तरं देत होती. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कोणाचा तरी शेवटचा श्वास चाललाय.

घंटा झाली तशी मॅडमनी डोळे उघडले. "मुकादम, आवाज असेलच तुम्हाला. वापरत जा," एवढंच म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पण पोरांना बोलू देता. ते सोडू नका."

बाईंची ही तपासणी शाळेपुरती नव्हती. एका ईदला आमच्या इमारतीच्या मालकानं, म्हणजे आमच्या अर्बाबनं, सगळ्या भाडेकरूंना घरी बोलावलं. तिथली रीत अशी, की यजमान तुमच्या चिमुकल्या कपात कावा, म्हणजे तिथली कडू कॉफी, ओततच राहतो. बास झालं की तुम्ही कप जरासा हलवायचा. तोवर तो विचारणार नाही, थांबणारही नाही. आम्ही सगळ्यांनी दोन-तीन कपांत हलवून टाकला. मॅडमनी हलवला नाही. रीत माहीत नव्हती असं नाही. हा गृहस्थ न विचारता किती वेळ ओततो, हे त्यांना बघायचं होतं. आणि ही एवढीशी हिंदुस्थानी बाई किती रिचवते, हे त्याला. मी सांगतो म्हणून खरं माना, बाहेर ती ईद संपून पुढची लागायची वेळ आली. अखेर म्हाताऱ्यानं किटली खाली ठेवली आणि हसून म्हणाला, "खलास मॅडम, मैं हार गया."

जिना चढताना मॅडम म्हणाल्या, "हा माणूस मास्तर झाला असता तर सोनं झालं असतं."

"आणि तुम्हाला आज झोप लागायची नाही," मी म्हटलं.

"त्याचं काही नाही. आमच्याकडे तसंही जागरणच असतं. हे बोलतात."

'हे' म्हणजे अनिरुद्ध लिमये. मॅडमचे यजमान, आणि त्यांच्याच हाताखाली कॉमर्स शिकवणारे आमचे लिमये सर. नावं वेगळी याचं कारण आखातात गेलेल्याला सांगावं लागत नाही. बाईंची सर्टिफिकिटं माहेरच्या नावाची. त्यांवर मंत्रालयाचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, वकिलातीचा शिक्का. लग्नाचं नाव लावायचं तर ही सगळी यात्रा पहिल्यापासून. बाई म्हणाल्या, "एवढ्या शिक्क्यांपेक्षा नवरा स्वस्तात मिळाला," आणि आगाशेच राहिल्या. शाळेत त्या त्यांना 'लिमये सर' म्हणत, ते त्यांना 'मॅडम'. बसमधून उतरून इमारतीचा उंबरठा ओलांडला की 'अहो' आणि 'वैजू' सुरू.

लिमये म्हणजे बोलण्याचा धबधबा. ते विमा शिकवत तेव्हा दुक्मच्या रस्त्यावर मधोमध उभा राहिलेला उंट वर्गात येऊन उभा राहायचा. "तो उंट तुमच्या गाडीखाली मेला, तर मालक तीन डोंगरांपलीकडून रडत येतो. पण त्याच उंटानं तुमची गाडी चेपली, तर उंट कोणाचाच नसतो. म्हणून विमा." पोरं बाकावरून खाली पडायची. माझ्या प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या त्या हशानं किणकिणायच्या. घरी एकमेकांत इंग्रजी बोलणारी मराठी पोरंसुद्धा लिमयांच्या नादानं आईला उंटाची गोष्ट मराठीत सांगायला धडपडत. निकालही झकास. अशा माणसाबद्दल कोणाला काय शंका असणार?

मग तेलाचे भाव कोसळले. भाव कोसळले की आधी कंपन्या माणसं कमी करतात, मग ती माणसं बायकामुलांना घरी धाडतात, मग शाळेतले बाक रिकामे होतात. सोहारच्या कारखान्यांतून गेलेले, मस्कतच्या बांधकाम कंपन्यांतून गेलेले, रोज कोणाचा ना कोणाचा दाखला निघत होता. कॉमर्सच्या दोन तुकड्यांची बारावीला एकच होणार हे दिसू लागलं. वर्ष संपताना लिमये आणि मुकादम या दोघांतला एकच राहणार. व्यवस्थापनानं ठरवलं, दोनदा तास बघायचे, ज्याचं मूल्यमापन चांगलं तो राहील. मूल्यमापन कोणी करायचं? विभागप्रमुखांनी. व्यवस्थापनाच्या कागदावर विभागप्रमुख आगाशे होत्या आणि शिक्षक लिमये. दोघं एकाच ताटातलं लोणचं खातात, हे त्या कागदाला काय माहीत.

नोकरी गेली की रेसिडेन्स कार्ड जातं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. लिमये गेले तर ते पुण्याला आणि मॅडम इथे, कारण त्यांची मुलगी अकरावीत, बारावीचं वर्ष तोंडावर. मुकादम गेला तर त्याची बायको आणि पाळण्यातलं मूल, आणि दापोलीला आंब्याच्या चार कलमांपलीकडे काही नाही.

मॅडम सरळ मुख्याध्यापकांकडे गेल्या. "लिमये माझे यजमान आहेत. दुसरं कोणी नेमा."

मुख्याध्यापक कातावले. दुसरं म्हणजे कोण? जीवशास्त्राच्या बाई? त्यांनी मुकादमाला बोलावून घेतलं आणि विचारलं, मॅडमनी तपासायला तुमची काही हरकत?

"नाय सर," मुकादम म्हणाला. "मॅडमच असू देत. मी मुळात बोलतो कमी. दुसरा कोन आला, तर वर्गात मास्तर कुठला ता त्याला शोधावा लागंल."

लिमयांना विचारलं तर त्यांनी टेबलावर थाप मारली. "माझी कसली हरकत? लग्न झाल्यापासून तपासतेच आहे ती मला. यंदा सरकारी होईल, इतकंच."

पहिला तास लिमयांचा. तो नुसता तास नव्हता, नाटकाचा शुभारंभ होता. खिडक्यांशी शिपाई जमले. मॅडम मागे डोळे मिटून बसल्या होत्या. संपल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या, "लिमये सर, प्रश्न फार छान विचारलेत. उत्तरंही छान दिलीत."

सगळे हसले. लिमयेही हसले. मग हसता हसता त्यांच्या हातातला चहा थांबला.

पुढचे आठवडे पत्र्यापलीकडून मला जे ऐकू आलं ते मी कान न लावता ऐकलं, हे आधीच सांगून ठेवतो.

"वैजू, एक विचारू?"

"तपासणीबद्दल असेल तर शाळेत विचारा."

"शाळेत तू मॅडम असतेस."

"मग मॅडमना विचारा."

मॅडमना विचारलं असेल तर त्यांनी उत्तर दिलं असणार. त्या कोणालाही शिकवायला नाही म्हणत नसत. आणि लिमये खरोखरच थांबायला शिकू लागले. आमच्यावर सराव सुरू झाला. मला विचारायचे, "पाटणकर, पगार का मिळतो?" आणि डोळे वटारून गप्प. कपाळावरची शीर टरारून फुगायची. पेट्रोल पंपावर त्यांनी पोऱ्याला विचारलं, "तुझा पंप आणि समोरचा पंप, भाव एकच, मग मी तुझ्याकडेच का आलो?" आणि थांबले. मागे गाड्यांची रांग विमानतळापर्यंत गेली म्हणतात. पोऱ्या शेवटी म्हणाला, "साब, यू-टर्न नहीं है." लिमये घरी येऊन कितीतरी वेळ हे उत्तर घोळवत होते. "वैजू, मला हे सुचलं नसतं गं." त्या दिवशी बाईंच्या भाजीला नारळ सढळ होता, वासावरून सांगतो.

दुसऱ्या तपासणीचा धडा दोघांनाही एकच, भागीदारी. लिमयांच्या तासाला काय झालं हे मी पाहिलेलं नाही. ते त्यांनीच चार जणांना चार तऱ्हांनी सांगितलं, त्यातली मला आवडलेली तऱ्हा अशी. त्यांनी विचारलं, "दोघांतला एक भागीदार मेला, तर धंदा मरतो का?" आणि थांबले. वर्ग वाट बघू लागला; उत्तराची नव्हे, विनोदाची. सर आता काहीतरी भन्नाट सांगणार म्हणून पोरांनी आधीच तोंडं हसरी करून ठेवली. सर गप्प. हसरी तोंडं सैल पडू लागली. सर गप्प. पहिल्या बाकावरची एक गुणी मुलगी उठली, पाण्याची बाटली पुढे करून म्हणाली, "सर, आर यू ओके?"

झालं. लिमये फुटले. "अगं मी मेलो तरी मॅडमचा धंदा चालूच राहणार!" वर्ग कोसळला, आणि पुढची सगळी उत्तरं त्यांनीच दिली, आणि दिली ती बहारदार दिली.

मुकादमाचा तास मात्र मी माझ्या दारातून पाहिला. त्यानंही तेच विचारलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला काही कष्ट पडत नव्हते. गप्प बसणं हे त्याचं माहेर. शांतता लांबत गेली. मग मॅडमच्या शेजारी बसलेला पोरगा, ज्याला गणितात आणि इंग्रजीत आणि माझ्या विषयात शून्य पडायचं, तो बसल्या बसल्या म्हणाला, की आमच्या अब्बांचे पार्टनर गेले, रूवीच्या बाजारातलं दुकान बंद झालं, पण गिऱ्हाइकं अजून अब्बांनाच फोन करतात; मग धंदा मेला का नाही? कोणीतरी म्हणालं, मेला. कोणीतरी म्हणालं, फोन येतोय तोवर कसा मेला? बघता बघता सगळा वर्ग भांडायला लागला. मुकादम एका बाजूला उभा राहून भांडणाऱ्यांची तोंडं आळीपाळीनं बघत होता. धडा अर्धाच राहिला. मॅडमनी घंटेच्या आधीच डोळे उघडले होते आणि त्या पोराकडे वळून बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी पत्र्यापलीकडे खुर्च्या सरकल्या.

"अहो, मुकादम राहतील."

"बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं. मी तपासायला असतो तरी तेच केलं असतं. बहुतेक." खुर्ची पुन्हा सरकली. "पण सांगताना तुझा आवाज जरा हलला असता, तर मला बरं वाटलं असतं, वैजू."

मग बाल्कनीचं सरकतं दार बंद झाल्याचा आवाज आला, आणि मी, आयुष्यात प्रथमच, स्वतःच्या घरातला टीव्ही मोठा केला.

बातमी फुटल्यावर निम्मं मस्कत म्हणालं, बाईचं काळीज दगडाचं. उरलेलं निम्मं म्हणालं, सुटली बिचारी. मुकादमाची बायको सांदणांचा डबा घेऊन आली आणि दारातच घुटमळत उभी राहिली, आत यावं की नाही कळेना. लिमयांनीच तिला आत बसवलं, चार सांदणं उभ्या उभ्या खाल्ली आणि विचारलं, "फणसाची का गं?" मॅडम बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळ रडत होतं आणि त्यांना ते गप्प करता येत नव्हतं. लिमयांनी घेतलं तेव्हा राहिलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषणात सांगितलं, की जगात बायकोनं नापास केलेले नवरे पुष्कळ. पण लेखी कारणांसह नापास झालेला आपण एकटेच. सगळे हसले. मॅडम पहिल्या रांगेत ताठ बसून चपलेच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

एप्रिलमध्ये नवं वर्ष लागलं. एकत्र केलेल्या बारावीला मुकादमाकडे बिझनेस स्टडीज गेलं आणि लिमयांचं अकाउंट्स मॅडमकडे आलं. कॉमर्सच्या वर्गातून हसण्याचा आवाज येईनासा झाला. माझ्या परीक्षानळ्या मुक्या झाल्या.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी जिन्यावरून उतरत होतो. खालच्या वळणावर मॅडम भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होत्या.

"अहो, ते गुडविल तुम्ही कसं सुरू करायचात? ... नाही, पुस्तकातलं मला येतं. धंद्याच्या नावाला असलेली किंमत, अशी व्याख्या सांगितली, थांबले, ती सगळी नुसती बघत राहिली माझ्याकडे. प्रश्न पडायला आधी काहीतरी आवडावं लागतं बहुतेक. ते मला कधी ऐकूच आलं नाही." मग बराच वेळ पलीकडचं बोलणं. "हं... हं... शावरमा? ... हळू सांगा. मी उभी आहे."

घंटा झाली. पोरांचा लोंढा दोन्ही बाजूंनी गेला. मला बघून त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला. "पाटणकर, अझैब्यात पेट्रोल पंपाच्या मागे कोणी शावरमावाला आहे का हो? समोर तसलंच दुसरं दुकान आहे, पण सगळे याच्याकडेच जातात म्हणे. ह्यांना गल्ली आठवत नाहीये."

मी गल्ली सांगितली. त्याच वर्षी मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी मस्कत सोडलं, त्यामुळे पुढचं मला फार ठाऊक नाही. पण त्या संध्याकाळी दूध आणायला उतरलो तेव्हा मॅडम मला दिसल्या. जन्मात अंडंसुद्धा न शिवलेली बाई, खळीच्या साडीत, त्या फिरणाऱ्या मांसाच्या सळीपासून चार हातांवर ताठ उभी होती. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून पुढे जात होती.

"क्या चाहिए मॅडम?" शावरमावाल्यानं विचारलं.

"कुछ नहीं. आप काम कीजिए. मैं देख रही हूँ."

त्या माणसानं सुरी पुसली, टोपी सरळ केली आणि जरा जास्तच काळजीनं मांस तासायला लागला. मॅडमनी पर्समधून फोन काढला.

"अहो, पोचले मी. समोरासमोर दोघं आहेत इथे. तुमचा कुठला, मिशीवाला का टोपीवाला?"